आधी ट्यूब दाखव

शैलाबाईंच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आलेली बाई खुर्चीच्या टोकावर बसायची, पदर सारखा करायची आणि कुठून सुरुवात करावी या विचारात पडायची. तेवढ्यात शैलाबाई टेबलावरून हात पुढे करायच्या.

"आधी ट्यूब दाखव."

"कसली ट्यूब?"

"जी लावलीस आणि उपयोग झाला नाही म्हणून इथे आलीस, ती."

मग पिशवीच्या तळातून, रुमालात गुंडाळलेली एक ट्यूब निघायची. शेपटीकडून वळत वळत चपटी झालेली. बाई चष्मा कपाळावर चढवून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायच्या आणि ट्यूब टेबलाच्या खणात टाकून खण बंद करायच्या. परत द्यायच्या नाहीत.

"ही काय करते माहीत आहे? आगीवर गोणपाट टाकते. दोन दिवस धूर दिसत नाही. मग गोणपाटच पेटतं."

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर खाज दाबणारं स्टिरॉइड असतं, हे मला पुढे कळलं. लावली की लगेच आराम पडतो, रात्री झोप लागते, म्हणून माणसं तिच्यावर विश्वास ठेवतात. औषधाच्या दुकानात ती न विचारता मिळते. खाज थांबली की लावायची बंद होते, आणि खाली दबलेली बुरशी आधीपेक्षा जास्त पसरून वर येते. मग पुन्हा तीच ट्यूब.

शैलाबाई रत्नागिरीत त्वचेच्या डॉक्टर होत्या. लोक 'चामडीच्या डॉक्टर' म्हणत. पण त्यांच्या पडवीतल्या बाकावर बसलेल्या बायकांपैकी पुष्कळजणींचं दुखणं चेहऱ्यावरचं किंवा हातावरचं नसे. जांघेतलं, योनीच्या आजूबाजूचं, मागे गुदद्वारापर्यंत गेलेलं असे. हे शब्द मी आज सरळ लिहू शकते ते बाईंमुळेच. आमच्या घरात या सगळ्या भागाला मिळून एकच शब्द होता, 'खाली'. बाईंसमोर कुणी 'खाली खाजतं' म्हणालं की त्या गंभीरपणे विचारायच्या, "खाली म्हणजे? पायाला?" समोरची बाई हसायची, मग लाजायची, मग सांगायची. ज्यांना अगदीच बोलता यायचं नाही त्यांना मात्र त्या छळत नसत. स्वतः एकेक शब्द उच्चारायच्या आणि ती मान हलवेल तिथे थांबायच्या.

मी कॉलेजसाठी रत्नागिरीला आले तेव्हा त्यांच्या दवाखान्यामागची खोली मला भाड्याने मिळाली. आमचं गाव सावर्ड्याला हायवे सोडून बरंच आत. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. विषय मायक्रोबायोलॉजी. त्याचा अर्थ मला आईला कधी नीट सांगता आला नाही. "किड्यांचा अभ्यास करते" असं ती वाडीत सांगायची. खोलीचं दार पडवीतच उघडायचं, त्यामुळे आल्यागेल्याचं बोलणं कानावर पडे. सुरुवातीला मी दार लावून घ्यायचे. एकदा बाई म्हणाल्या, "अगो, उकाड्यात मरशील. उघडं ठेव. इथे जे ऐकशील ते बाहेर नेलं नाहीस म्हणजे झालं." मी ते पाळलं. आता माझ्या वहिनीचं जे लिहिते आहे, तेही तिला विचारूनच. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको घालूस." म्हणून वहिनीच म्हणते. दादाला मी विचारलं नाही. ते वहिनीने विचारलं.

बाईंचं मूळ घर पावसचं. तिथली आंब्याची बाग भाऊ बघायचा. मोसमात त्यांच्या अंगाला आणि पिशवीला पेंढ्याचा वास यायचा. बोलणं अघळपघळ, कधी एकदम तिखट. हात धुतले की प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून पंचा फिरवायच्या, आणि तेवढ्याने समाधान न होऊन दोन्ही हात खिडकीतल्या उन्हात पसरून उभ्या राहायच्या. पेशंट ताटकळत. "बुरशीला काय लागतं? ओल, ऊब आणि काळोख. कोकणात तीनही फुकट," त्या म्हणायच्या. पावडरीचा त्यांना राग होता. कुणी अंगाला पावडर लावून आलं की विचारायच्या, "हे पीठ कशाला शिंपडलंस? घामात कालवून तिला भाकरी घालतेस?"

पण त्यांची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आठवते ती खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपची. स्वतःच्या डोळ्यांनी बुरशी बघितल्याशिवाय त्या औषध लिहीत नसत. बोथट पात्याने त्वचेवरचा कोंडा हलकेच खरवडायचा, काचेवर घ्यायचा, वर पोटॅशचा थेंब टाकायचा आणि थांबायचं. थोड्या वेळाने त्वचेचे कण विरघळतात आणि बुरशी तेवढी उरते. हे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकायच्या आधी त्यांच्या खिडकीत बघितलं. खरोखरच्या माणसाचं म्हणून बघितलं. त्यात फरक असतो.

अवघड प्रश्न त्या नेहमी मायक्रोस्कोपला डोळा लावूनच विचारायच्या. पाठ पेशंटकडे. "नवऱ्याला आहे का असं?" "संबंधाच्या वेळी दुखतं?" "पाळी चुकली आहे का, दिवस गेलेले नाहीत ना? मग गोळी देताना मला विचार करावा लागेल." आणि ज्या बाईने इतका वेळ बोटाला पदर गुंडाळण्याखेरीज काही केलेलं नसे, ती त्या पाठीशी भडाभडा बोलू लागे.

एकदा अशीच एक बाई पुष्कळ बोलून, डोळे पुसून, औषध घेऊन गेली. बाईंनी मला हाक मारली. "ये गो, चहा टाकलाय." मला वाटलं नेहमीसारखं बघायला मिळेल, म्हणून मी मायक्रोस्कोपवर वाकले. नुसता उजेडाचा गोल दिसला. मी स्क्रू फिरवून बघितला.

"बाई, स्लाइड काढलीत?"

"नव्हतीच. तिची स्लाइड मघाशीच बघून झाली."

"मग एवढा वेळ काय बघत होतात?"

"तिला बघत नव्हते," बाई म्हणाल्या, आणि गवती चहाची पात कपातून काढून टाकली.

लहान मुलांशी मात्र त्यांचं असं काही नव्हतं. एक आजी नातवाला घेऊन आली होती. पोराचं ढुंगण आणि जांघा लालभडक, कातडीच्या घड्यांच्या आतपर्यंत. मुलगी-जावई मुंबईहून येताना डायपरचं भलंमोठं पुडकं घेऊन आलेले आणि आजीने ते जपून, पुरवून पुरवून वापरलेलं. एकेक डायपर भरून ओघळेपर्यंत ठेवलेलं. वर शेजारणीने दिलेली ट्यूब.

"घड्यांच्या आत गेलंय म्हणजे नुसतं शी-शूने सोललेलं नाही, बुरशी आहे," बाई म्हणाल्या. ट्यूब खणात गेली. पोराला त्यांनी खिडकीतल्या टेबलावर उन्हाच्या पट्ट्यात उघडं झोपवलं. आजी म्हणाली, "अवो, गार लागंल त्याला." "रत्नागिरीत? एप्रिलात?" बाई म्हणाल्या. पोराने हातपाय झाडत सरळ त्यांच्या साडीवर धार सोडली. आजी धावली. बाई हलल्या नाहीत. "राहू दे. आता माझी साडी वाळेपर्यंत तुला सांगते, हे मलम किती पातळ लावायचं ते." तेवढा वेळ पोर मोकळं पडून बोटं चोखत होतं. जाताना आजी मला म्हणाली, "डॉक्टरीण जरा येडी हाय, पण बरी हाय."

वहिनीचं प्रकरण याच सुमारास आमच्या घरात सुरू होतं आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

दादा मुंबईत सिक्युरिटीत. जाड गणवेश, पायात बूट, उभं राहण्याची नोकरी. राहायला आमच्या गावच्या मंडळाची खोली. गावातले आठदहा पुरुष पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून झोपतात. त्या खोलीच्या खिडकीत एक ट्यूब कायम असायची. खोलीची ट्यूब. साबणासारखी सगळ्यांची मिळून एक. कुणाला काही उठलं की तीच. संपली की ज्याची पाळी असेल त्याने नवी आणायची. गणपतीत येताना दादाने तसलीच एक ट्यूब घरीही आणून ठेवली होती, अडीअडचणीला.

गणपतीनंतर वहिनीला खोकला-ताप झाला. खोकला हटत नाही म्हणून तीनदा कॅप्सूलचा कोर्स झाला. आणि मग खाज सुरू झाली. तिने दादाने ठेवलेली ट्यूब लावली. दोन दिवस बरं वाटलं. मग पुन्हा. मग ती कढत पाण्यात जंतुनाशक औषध टाकून, साबण लावून खसाखसा धुऊ लागली. कातडी सोलली. भातलावणीसारखं वाकून करायचं काम सोडा, चुलीपुढे बसणंही तिला अवघड होऊ लागलं. तिने दादाला फोनवर सांगितलं. दादालाही महिनोन्महिने तोच त्रास होता, पण तो बोलला नव्हता. त्याने खोलीतल्या मोठ्या माणसांना विचारलं. ती माणसं म्हणाली, "अरे, हे बाईकडनंच येतं. तू इकडं, ती तिकडं. बघ बाबा."

दादाने फोन करून वहिनीला विचारलं, "खरं सांग, कुणाकडनं आणलंस?"

त्यानंतर त्याचे फोन आईला येऊ लागले, वहिनीला नाही. शिमग्याला तो आलाच नाही. पालखी आमच्या अंगणात नाचली आणि घरचा मुलगा नाही म्हटल्यावर वाडीतल्या बायकांनी आधी वहिनीकडे आणि मग एकमेकींकडे बघितलं. आईने काही विचारलं नाही, पण वहिनीच्या हातचं पाणी घेताना ती दुसरीकडे बघू लागली. वहिनीच्या मांडीवर तेव्हा माझी भाची होती, अजून शाळेत न जाणारी.

एके दिवशी वहिनी मला कुळथाचं पीठ द्यायचं निमित्त करून रत्नागिरीला आली. पिठाचा डबा हातात दिला आणि माझ्या खाटेवर बसताना कळवळली. मी विचारलं तर म्हणाली, "मला नाय बोलता यायचं गो, मनी." मी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "तिथं बोलता येतं," मी म्हणाले. याहून जास्त मी काही केलं नाही.

तिने माझं मनगट सोडलं नाही, म्हणून मी आत गेले आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले. ट्यूब खणात पडल्याचा आवाज आला. पडद्याआड तपासणं झालं. मग बाईंनी तिला टेबलाशी बसवलं आणि टेबलावर बोटाने रेघ ओढली.

"तुमच्या शेताला बांध असतो ना? कडेला उंच, मध्ये मोकळं. कातडीवर असं गोल दिसलं की तो नायटा. तुझं तसं नाही. तुझं मोठं लाल गाव आहे आणि गावाबाहेर सुट्या सुट्या वाड्या आहेत, बारीक बारीक ठिपक्यांच्या. वाड्या दिसल्या की मला ह्या दुसऱ्या बुरशीचा संशय येतो. यीस्ट म्हणतात तिला. पण संशय म्हणजे निदान नव्हे. थांब जरा."

पोटॅशचा थेंब पडला. आम्ही थांबलो. मग बाईंनी आधी वहिनीला बोलावलं, मला नाही. वहिनी एक डोळा हाताने झाकून वाकली.

"मणी दिसतायत. आणि धागे. मण्यांना कोंब फुटलेत."

"बरोबर बघितलंस. तीच."

"हे माझ्या आंगातनं निघालं?"

"हो. लोणच्यावर येते, पावसात चपलेवर येते, तिच्याच जातकुळीतली."

मग बाई स्वतः मायक्रोस्कोपवर वाकल्या.  तेव्हा वहिनी त्या पाठीला म्हणाली, "बाई, हे कुणाकडनं येतं?"

"कोण म्हणालं कुणाकडनं येतं?"

आणि वहिनीने सगळं सांगितलं. ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, शिमग्याला दादा का आला नव्हता.

बाई वळल्या. "हे बघ. तू कशी आहेस, तो कसा आहे, हे ह्या काचेत दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. पण ही बुरशी माझ्या अंगावर आहे, ह्या मनीषाच्या अंगावर आहे, तुझ्या मुलीच्या अंगावर आहे. गुपचूप असते. शेजारचे चांगले जंतू तिला वाढू देत नाहीत. तू खोकल्याच्या कॅप्सूल घेतल्यास, त्यात ते मेले. वर ती ट्यूब. वर कढत पाणी आणि साबण. तिला मोकळं रान मिळालं. बाहेरचं कुणी यायला लागत नाही."

"मंग हे त्यांना सांगा ना तुमी."

"ज्याला मी बघितलं नाही त्याच्याबद्दल काय सांगू? त्याला घेऊन ये."

बाईंनी तिच्या बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघितली. ती ठीक होती. रक्ताच्या बाकीच्या तपासण्याही लिहून दिल्या, "तुझ्या मनात काही राहायला नको म्हणून." त्याही पुढे स्वच्छ आल्या. औषध साधं होतं: रात्री योनीत ठेवायच्या गोळ्या, बाहेरून बुरशीचं नुसतं मलम, आणि खाज थांबल्यावरही काही दिवस ते चालू ठेवायचं. बाहेरून फक्त साधं पाणी, आतून धुणं नाही. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. सुती, सैल कपडे, आणि ते साडीखाली लपवून नव्हे, उघड्या उन्हात वाळवलेले.

"आणि एक. ट्यूब बंद केली की चार-पाच दिवस आधीपेक्षा जास्त खाजेल. तेव्हा मला शिव्या दे, पण ट्यूब लावू नकोस."

तिसऱ्या दिवशी वहिनीचा गावाहून फोन. "तुझ्या बाईंना आज लय शिव्या घातल्या."

"त्यांनीच सांगितलंय घालायला."

"म्हणून तर घातल्या," वहिनी म्हणाली. ती हसली असं मला वाटलं, खात्री नाही.

हळूहळू ती बरी झाली. गाव आधी निवलं, मग वाड्या. मला वाटलं, आता संपलं. पण दादाला कळल्यावर तो आईला फोनवर म्हणाला, "बघितलंस? औषध तिनं घेतलान, बरी ती झाली. म्हणजे व्हतं ते तिलाच. माझं तर तसंच हाय." वहिनीचं बरं होणंही तिच्यावरच उलटलं. तिने आईला शांतपणे सांगितलं, की मेमध्ये चुलत नणंदेचं लग्न उरकलं की ती मुलीला घेऊन माहेरी जाईल, आणि नवरा स्वतः न्यायला आला तरच परत येईल. असं सांगून गेलेल्या आमच्या वाडीतल्या दोघी अजून माहेरीच आहेत.

लग्नाला दादा आला. वहिनीशी एक शब्द नाही. पंगत बसली तेव्हा त्याला मांडी घालता येईना. एक पाय पुढे, मग दुसरा, मग उकिडवा. शेवटी पान तसंच टाकून तो मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. वहिनी वाढत होती. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं, बाहेर गेली आणि त्याला म्हणाली, "उद्या रत्नागिरी." पुष्कळ दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलली ती एवढंच.

दवाखान्याच्या पायरीवर दादा अडला. "बाई डॉक्टर? मी नाय दाखवायचा." आतून बाईंचा आवाज आला, "काही दाखवू नका. हात तेवढे दाखवा. ट्यूब आणलीत?"

दादाने खिशातून ट्यूब काढली. खोलीची.

मी पडवीत थांबले. उन्हाळ्यामुळे खिडकी उघडी होती, बोलणं ऐकू येत होतं. बाईंनी सुरुवात त्याच्या नखांपासून केली. मग कोपर, मान, काखा. ड्युटी कशी असते, बूट कुठले, जेवण कुठे, असं विचारत. नंतर खुर्ची मायक्रोस्कोपकडे वळल्याचा आवाज आला.

"तहान फार लागते का हो?"

"लागते. उन्हात उभा असतो."

"रात्री लघवीला उठावं लागतं?"

"तीन-चारदा."

"आणि लिंगाच्या टोकाची कातडी मागे घेताना चिरते, दुखते?"

 मग दादा म्हणाला, "तुमाला कसं कळलं?"

पडद्याआड गेला तो त्यानंतर, आपण होऊन.

मग बाईंनी वहिनीला आत बोलावलं. त्या दिवशी त्यांनी दादाची स्लाइड केली आणि वहिनीची जुनी स्लाइड, जी त्यांनी कडेला नखरंग लावून शिकवण्यासाठी म्हणून ठेवली होती, तीही काढली. दादाला मायक्रोस्कोपपुढे बसवून एकामागून एक दोन्ही दाखवल्या.

"आता सांगा, ह्यातली तुमची कुठली आणि हिची कुठली?"

दादाने खूप वेळ बघितलं. पुन्हा पहिली लावायला सांगितली, पुन्हा दुसरी. "वळखता नाय येत," तो म्हणाला.

"मलाही नाही येत. मग तुमच्या खोलीतल्या माणसांना मुंबईत बसून कशी ओळखता आली? एकाची दुसऱ्याला लागतच नाही असं मी म्हणत नाही, कधीमधी लागते. पण हिच्या अंगावर ती वाढली ती कॅप्सूलमुळे. तुमच्या अंगावर का वाढली ते बघायचंय. हात द्या."

रक्ताच्या थेंबाचा आकडा बाईंनी दोनदा बघितला. मग त्यांनी नेहमीपेक्षा हळू आवाजात सांगितलं, की साखर फार वाढली आहे, उद्या उपाशीपोटी पुन्हा तपासू, पण बहुतेक हा मधुमेह आहे, आणि बराच काळ आहे. ही खाज म्हणजे त्याने केलेली ओरड आहे. "ट्यूब लावून तुम्ही त्याचं तोंड दाबत होतात. हिने तुम्हाला आज ओढून आणलं नसतं तर पुढच्या वेळी तुम्हाला इथे उचलून आणावं लागलं असतं."

 वहिनी सांगते, दादा नुसता स्लाइडच्या काचेकडे बघत राहिला. तिघं बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "ह्यांना आज तुझ्याकडे झोपव. सकाळी चहा देऊ नकोस." मी आणि वहिनी खाटेवर, दादा खाली चटईवर. वहिनीने दादाला पाण्याचा तांब्या दिला. तो घेताना त्याने तिचं नाव घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला.

वहिनी माहेरी गेली नाही. दादाच्या गोळ्या सुरू झाल्या, साखर खाली आली आणि नुसत्या मलमाने त्याची बुरशी गेली. आईला समजावायला वहिनीला वेळ लागला. मुंबईहून दादाने मला फोन केला, "खोलीतली ट्यूब फेकून दिली. मोठी माणसं लय भांडली माझ्याशी." मग म्हणाला, "त्यांच्यातल्या दोघांना साखर निघाली."

बाईंचे आभार मानायला मला कधी जमलं नाही. शब्द जुळवून गेले की त्या म्हणायच्या, "ती स्लाइड बघ, सांग काय आहे." मी सांगायचे. चुकायचे. त्या पुन्हा बघायला लावायच्या. माझ्यासारखीला कुणी चूक दाखवून पुन्हा बघायची संधी देतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

माझ्या शेवटच्या वर्षात त्यांनी दवाखाना बंद केला. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध दिसेनासं होऊ लागलं होतं; कडेचं दिसायचं, समोरचं नाही. लोक म्हणाले, बाई, नुसतं विचारून औषध द्या, तुम्हाला सगळं येतं. त्या म्हणाल्या, "अंदाजाने औषध देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात माझी भर कशाला?" त्या पावसला भावाकडे राहायला गेल्या.

परवा दादा सुट्टीवर आला होता. आम्ही तिघं त्यांना भेटायला पावसला गेलो. बाई घरामागच्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी आवाजाच्या बाजूला मान तिरकी केली आणि हसल्या. दादाने स्वतःच सांगितलं, "मी सिक्युरिटीवाला. साखरेचा."

"बसा. पाय दाखवा," बाई म्हणाल्या. "साखर झालेल्या माणसाने पाय रोज बघायचे असतात. बघता का?"

"घरी आलो की ती बघते," दादा म्हणाला.

तरी त्याने चपला काढल्या आणि खालच्या पायरीवर बसला. बाईंनी त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला. दादा संकोचून मागे सरकायला लागला, पण त्यांनी घोटा धरून ठेवला. दिसत नसल्यामुळे त्या बोटांनी बघत होत्या. प्रत्येक बेचक्यातून बोट फिरवून, टाच चाचपून, तळव्यावर अंगठा दाबून. आंब्याच्या झाडांखाली कुणीतरी पाला झाडत होतं. वहिनी त्यांच्या अगदी समोर, हाताच्या अंतरावर उभी होती. तिच्या हातात त्याच्या चपला होत्या.

"कोरडे आहेत. बरे आहेत," बाई म्हणाल्या. मग पाय न सोडता त्यांनी मान वर केली आणि समोरच्या उजेडाकडे बघत विचारलं, "आणि ही कुठे आहे? आली आहे ना तुमच्याबरोबर?"

वहिनी बोलणार होती. त्याआधीच दादा म्हणाला, "आलीय. हितंच हाय."